निबर

रुस्तावीच्या पाइप कारखान्यात एकवीस वर्षं काढून
लाम्झिरा आमच्या शेडमध्ये आली ती स्वतःचं स्टूल घेऊन.
तेलावीच्या रस्त्याला, पंक्चरवाल्याच्या मागे,
दोन लेथ, एक ग्राइंडर, एक मांजर.
सप्टेंबरात द्राक्षं उतरायच्या आत
वाइनवाल्यांना स्टेनलेसचे पाइप हवे असतात,
आणि सगळ्यांनाच ते काल हवे असतात.

पहिला पाइप मी भीत भीत कापायला घेतला.
टूल टेकवलं, थांबलो.
पुन्हा जरासं टेकवलं, पुन्हा थांबलो.
पाइप फिरत राहिला, किंचाळत राहिला,
आणि कापायच्या जागी एक पट्टा उमटला
आरशासारखा.
मला वाटलं, छानच झालं.

तिने पट्ट्यावर नख वाजवलं.
म्हणाली, निबरवलास.
आता हा दात लावू देणार नाही.
हाताला पडतात ना घट्टे, तसा घट्टा पडलाय याला
तुझ्या कुरवाळण्याने.
साधं लोखंड सोसतं असले लाड,
बिडाला तर काही कळतच नाही,
पण हा स्टेनलेस मानी.
जितकं घासशील तितका कडक.
कापायचं तर काप, मिंदिया. नाहीतर लांब हो.

मग नवा इन्सर्ट. इतका कोरा
की डबीतून काढतानाच माझ्या अंगठ्याने पोच दिली, लाल शाईत.
फीड वाढवायचा, कमी नाही करायचा.
टूल त्या निबर कातडीच्या खाली शिरलं पाहिजे,
कातडीवरून हिंडता कामा नये.
एक घाव दोन तुकडे म्हणणारे
लेथवर कधी उभे राहिलेले नसतात:
इथे घाव नाही, दाब,
सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच.
विचार काय तो चक बंद असताना.

दुसरं दुखणं तिने भिंगातून दाखवलं.
टूलच्या टोकाला पाइपाचाच कण चिकटलेला,
त्यावर दुसरा, त्यावर तिसरा,
शेवटी धार म्हणून तोच पुढे बसलेला.
"वाटतं हा कापतोय. हा फाडतो.
आणि सुटतो तेव्हा खऱ्या धारेचा टवका घेऊन सुटतो."
रुस्तावीत असे तीन फोरमन होते, ती म्हणाली,
आणि भिंग पुसत बसली.

रेंगाळलं की चिकटतं, म्हणून वेग थोडा चढा.
छिलका निळा पडला तर थोडा उतरता.
दुधी पाणी थेंब थेंब नाही, भरघोस,
छिलका जिथे सुटतो नेमकं तिथे.
हिवाळा संपेपर्यंत मला हे कानाने कळायला लागलं.
बाकी काही नाही कळलं.

ऑगस्टात खिशात पोलंडचं तिकीट होतं,
व्रोत्सवाफ, गोदाम, रात्रपाळी.
तिला सांगायचं होतं.
एका सोमवारी "लाम्झिरा" म्हणालो
आणि मांजराविषयी बोललो.
पुढच्या बुधवारी द्राक्षांच्या भावाविषयी.
नंतर नुसताच घसा खाकरला.

तिने माझ्याकडे न बघता पाइप चकमध्ये आवळला.
"पंधरा दिवस टेकवतोयस.
मलाच घट्टा पडायला आलाय."

सांगितलं. तारखेसकट, एका दमात.

तिने पाण्याचा नळ पूर्ण उघडला.
टूल शिरलं. एकसारखी करकर,
छिलके तुटत तुटत तसराळ्यात,
कुठेही न थांबता आरपार.
तुकडा खाली पडला.
"हात लाव."
कापलेल्या कडेवर बोट ठेवलं, अजूनही भीत भीतच.
गार होती.

"कडेची कूस काढ," ती म्हणाली.
"मग चहा. मग जा."